ऑफिसचा रिमोट डेस्कटॉप गणपतीच्या आत सुसाट करायचाय – कामाच्या नोंदी

४ ऑगस्ट २०२५, सोमवार

सीए सरांचं ऑफिस नारायण पेठेत, आणि जूनमध्ये पालखीच्या मुक्कामाला पेठेतले रस्ते बंद झाले तेव्हा सगळ्या स्टाफने रिमोट डेस्कटॉपवरून (म्हणजे घरच्या स्क्रीनवर ऑफिसचा पीसी उघडून) घरून काम करायचं ठरवलं आणि दुपारपर्यंत सगळ्यांनी हात टेकले. टाइप केलेलं अक्षर दोन सेकंदांनी उमटतंय, स्क्रोल केलं की पान तुकड्या तुकड्यात येतंय, मधेच सगळं थिजतंय आणि मग एकदम दहा क्लिक एकत्र पडतायत. आता २७ ऑगस्टला गणपती बसणार, ६ सप्टेंबरला विसर्जन, आणि इन्कम टॅक्स रिटर्नची मुदत यंदा वाढून १५ सप्टेंबर झालीये, म्हणजे ऐन गर्दीत ऐन काम. सरांनी सांगितलं की बाबा रे काय ते बघ, गणपतीच्या आत झालं पाहिजे.

सगळ्यांची एकच मागणी, नेटचा प्लॅन वाढवा. ऑफिसला १०० एमबीपीएस फायबर आहे, तो २०० करा. मी म्हटलं आधी मोजू, पैसे काय कधीही घालवता येतात.

सेटअप साधा आहे. प्रत्येकाचा टेबलावरचा पीसी विंडोज ११ प्रो, जो तो घरून आपापल्या पीसीवर रिमोटने येतो (प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो त्यामुळे शेअरिंगची भानगडच नाही). मधे जुना एसएसएल व्हीपीएन (घर ते ऑफिस इंटरनेटमधून काढलेला सुरक्षित बोगदा), टीसीपी ४४३ वरून चालणारा (टीसीपी म्हणजे पोचल्याची पावती घेत, हरवलं तर परत पाठवत डेटा नेण्याची पद्धत). रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ पोर्ट थेट इंटरनेटवर उघडा ठेवलेला नाहीये हे बघून बरं वाटलं, कारण छोट्या ऑफिसात तो उघडा सापडणं अगदी कॉमन आहे आणि मग रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की रडारड.

५ ऑगस्ट, मंगळवार

आज नुसतं मोजलं, काहीही बदललं नाही. स्टाफपैकी तिघांच्या घरून चेक केलं. कर्वेनगरच्या मॅडम, सिंहगड रोडचे अकाउंटंट काका, आणि वाकडचा आर्टिकल (सीए होण्यासाठी ऑफिसात उमेदवारी करणारा पोरगा).

मॅडमचं घर ते ऑफिस अंतर पाच-सहा किलोमीटर असेल, पण दोघांच्या नेट कंपन्या वेगळ्या, आणि ट्रेसरूट (डेटा कुठून कुठून जातो त्याची यादी) काढला तर पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) इथून मुंबईला जाऊन तिथे एका कंपनीकडून दुसरीकडे जाऊन परत पुण्यात येतंय. डेक्कनवरून चालत नारायण पेठेत पोचेल माणूस, पण डेटा मुंबई दर्शन करून येतो. तरी जाऊन-येऊन १२-१३ मिलिसेकंद म्हणजे काहीच वाईट नाही. काकांकडेही साधारण तेवढंच. वाकडला मात्र पिंग (म्हणजे हाच जाऊन-येऊन लागणारा वेळ) १५ वरून १८० वर आणि परत १५, मधेच एखादं टाइमआउट. घरच्या स्पीडटेस्टला तिघांकडेही ८०-९० च्या वर येतंय!

इथेच खरं उत्तर आहे. रिमोट डेस्कटॉपला पाइप फार मोठा लागत नाही. मायक्रोसॉफ्टचाच अंदाज बघितला तर हलक्या कामाला १.५ एमबीपीएस, मध्यम कामाला ३, जड कामाला ५, आणि एकदम ग्राफिक्सवाल्याला १५. आपलं काम म्हणजे टॅली, एक्सेल आणि ब्राउझर. पण प्रत्येक की दाबली की तो सिग्नल ऑफिसात जाणार, तिकडे स्क्रीन बदलणार, त्याचं चित्र परत येणार, तेव्हा कुठे डोळ्याला अक्षर दिसणार. एक्सप्रेसवे सहा पदरी असला म्हणून मुंबईहून माणूस पाच मिनिटांत पुण्यात येत नाही ना, तसं आहे हे. जायला यायला किती वेळ लागतो आणि तो वेळ सारखा आहे का उड्या मारतोय, एवढंच बघायचं.

ऑफिसच्या पीसीवर परफॉर्मन्स मॉनिटरमध्ये रिमोटएफएक्स नेटवर्क आणि रिमोटएफएक्स ग्राफिक्स असे दोन काउंटरचे गट असतात, ते लावून ठेवले. त्यात टीसीपी आरटीटी, यूडीपी आरटीटी (आरटीटी म्हणजे जाऊन-येऊन लागणारा वेळ, यूडीपी म्हणजे पावतीची वाट न बघता डेटा पाठवण्याची पद्धत) आणि फ्रेम्स स्किप्ड (गाळलेली स्क्रीनची चित्रं) हे तीन कामाचे. फ्रेम्स स्किप्डमध्ये तर सरळ कळतं की फ्रेम नेटवर्कमुळे गाळली, सर्व्हरमुळे गाळली का क्लायंटमुळे. म्हणजे काकांचा घरचा जुना लॅपटॉप दमतोय का नेट दमतंय हे भांडण तिथेच मिटतं. यूडीपीचा काउंटर तिघांच्याही वेळेस शून्यच होता, म्हणजे यूडीपी चालतच नव्हतं, ते नोंदवून ठेवलंय.

७ ऑगस्ट, गुरुवार

गुरुवार, त्यामुळे पेठेत दुपारपर्यंत लाइट नाही. यूपीएसवर राउटर चालला पण पीसी नाही. काही झालं नाही आज. घरी बसून सगळ्यांच्या आरडीपी फाइली (रिमोट डेस्कटॉपची सेटिंग ठेवणाऱ्या) नोटपॅडमध्ये उघडून वाचल्या, साधी टेक्स्ट फाइल असते ती, आणि त्यात काय काय चालू ठेवलेलं असतं बघून गंमत वाटते.

८ ऑगस्ट, शुक्रवार

उद्या राखीपौर्णिमा, अर्धा स्टाफ आजच लवकर पळाला, म्हणून निवांत सेटिंग बसवता आली.

रिमोट डेस्कटॉपच्या एक्स्पीरियन्स टॅबवर सगळ्यांचं ऑटोमॅटिक डिटेक्टवर होतं. ते काढून लो-स्पीड ब्रॉडबँड केलं, वॉलपेपर बंद, विंडो ओढताना आतला मजकूर दिसणं बंद, मेनूचे अ‍ॅनिमेशन बंद. पर्सिस्टंट बिटमॅप कॅशिंग चालू ठेवलं, कारण टूलबार आणि आयकॉन सारखे सारखे नेटवरून आणण्यात काय अर्थ आहे, एकदा डिस्कवर ठेवले की झालं. फॉन्ट स्मूदिंगची टिक मात्र मुद्दाम परत लावली. नेटवर ती काढा ती काढा असं सगळीकडे सापडतं, पण दिवसभर आकडे वाचणाऱ्या माणसाला खडबडीत अक्षरं दिली तर काका दुसऱ्या दिवशी म्हणतील, जाऊदे आम्ही रिक्षाने येतो. रंग ३२ बिटवरून १६ वर आणून पाहिले, डोळ्याला फरक शून्य, परत ३२.

खरा फरक पडला लोकल रिसोर्सेस टॅबवर. घरचे प्रिंटर, घरच्या सगळ्या ड्राइव्ह, आवाज, सगळं ऑफिसच्या पीसीला जोडलेलं. वाकडवाल्याकडे तर एक बंद पडलेला नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला होता आणि ऑफिसच्या पीसीवर फाइल एक्सप्लोरर उघडला की तो त्या ड्राइव्हची वाट बघत बसायचा. ड्राइव्ह काढले, आवाज काढला, प्रिंटर फक्त मॅडमचा ठेवला कारण त्यांना चलन घरी छापावं लागतं. लॉगिन झटकन व्हायला लागलं. क्लिपबोर्ड ठेवलाय, पण सगळ्यांना सांगितलं की दोनशे एमबीची पीडीएफ कॉपी-पेस्ट करून घरी ओढू नका, तेवढा वेळ तुमचीच स्क्रीन अडकते.

अक्षर उशिरा उमटणं मात्र आहे तसंच.

११ ऑगस्ट, सोमवार

जीएसटीआर-१ ची (जीएसटीचं विक्रीचं रिटर्न) शेवटची तारीख, सगळे घासून काम करत होते त्यामुळे टेस्टिंगला याहून चांगला दिवस नाही. दिवसभर ठीकठाक आणि संध्याकाळी सहा वाजले की सगळ्यांचे फोन एकदम सुरू. "अरे परत अडकलं." "माऊस हलतोय पण क्लिक होत नाहीये." वाकडपुरतं असतं तर वाकडचं वायफाय म्हणून सोडून दिलं असतं, पण तिघांचं एकाच मिनिटाला म्हणजे दुखणं ऑफिसच्या बाजूलाच.

ऑफिसातून बाहेर पिंग लावून ठेवला होता. पावणेसहापर्यंत ४ मिलिसेकंद. सहानंतर २८०, ३१०, ३४०. आणि पॅकेट हरवत नाहीयेत, नुसती उशिरा येतायत. सहा वाजता काय होतं? कोणीतरी कधीतरी डेटाचा क्लाउड बॅकअप संध्याकाळी सहाला लावून ठेवलेला, ऑफिस सुटतं तेव्हा निवांत होईल म्हणून. तेव्हा बरोबरच होतं ते, कारण तेव्हा सहानंतर कोणी घरून काम करत नव्हतं. आता तो बॅकअप अपलोडचा अख्खा पाइप भरून टाकतो, आणि रिमोट डेस्कटॉपमध्ये स्क्रीनचं चित्र ऑफिसातून बाहेर जातं म्हणजे तेही अपलोडच. राउटरच्या पोटात जी रांग लागते त्या रांगेत बिचाऱ्या स्क्रीनच्या पॅकेटला बॅकअपच्या शेकडो पॅकेटांच्या मागे उभं राहावं लागतं.

याला बफरब्लोट म्हणतात. मेमरी स्वस्त झाली तशी उपकरणांमध्ये भलेमोठे बफर भरले गेले, हेतू चांगला की पॅकेट हरवू नये, पण टीसीपीला लाइन भरल्याचं कळतंच पॅकेट हरवल्यावर, मग ते हरवलंच नाही तर पाठवणारा पाठवतच राहतो आणि रांग वाढतच जाते. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास आपल्या घरच्या लाइनवर हे पकडून त्यावर आवाज उठवला, तेव्हापासून हे नाव रुळलं. स्पीडटेस्ट करताना लाइन रिकामी असते म्हणून तिथे काही दिसत नाही. लाइन भरलेली असताना पिंग किती, हे बघितलं तरच दिसतं.

बॅकअप रात्री दीडला टाकला आणि त्याच्या सेटिंगमध्ये अपलोडला मर्यादा घातली. लगेच पिंग खाली. सरांना फोन करून सांगितलं की २०० चा प्लॅन नको, तर म्हणाले, "मग काय हवंय ते सांग, पण बिल दे."

१३ ऑगस्ट, बुधवार

नुसती बॅकअपची वेळ बदलून भागणार नाही, कारण उद्या कोणी क्लायंटला मोठी फाइल पाठवली की परत तेच. म्हणून बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत जाऊन ओपनडब्ल्यूआरटी (राउटरवर टाकायचं मोफत सॉफ्टवेअर) चालेल असा राउटर आणला. दुकानदाराला मॉडेलचं व्हर्जन विचारलं तर म्हणे सगळं सेमच असतं साहेब. सेम नसतं! एकाच नावाच्या राउटरच्या दोन व्हर्जनमध्ये आतली चिप वेगळी असू शकते, खोका उलटा करून मागचं लेबल वाचूनच घ्यायचा.

त्यावर एसक्यूएम (पॅकेटची रांग सांभाळणारी सोय) बसवलं, त्यातला केक नावाचा अल्गोरिदम. याचं सूत्र असं की रांग नेट कंपनीच्या उपकरणात लागू द्यायची नाही, आपल्या राउटरात लागू द्यायची, कारण आपल्या रांगेत कोणाला आधी सोडायचं हे आपण ठरवू शकतो. त्यासाठी मोजलेल्या स्पीडपेक्षा थोडा कमी आकडा द्यायचा. अपलोड ९६ येत होता, ८८ ठेवला, डाउनलोडही तसाच. हो, थोडा स्पीड मुद्दाम सोडून द्यायचा, आणि हे ऐकून आर्टिकल म्हणतो की सर नेट फास्ट करायला स्लो कसं काय करताय. केक प्रत्येक कनेक्शनला वेगळी रांग देतो आणि बारीक बारीक पाठवणाऱ्याला मोठ्यामागे अडकवत नाही. मुद्दाम बॅकअप चालू करून पिंग बघितला, ९ ते १४ च्या मधे. राउटरचा प्रोसेसर ७० टक्क्यांवर जातोय पण, म्हणजे उद्या खरंच प्लॅन २०० केला तर हा राउटर पुरणार नाही, हे लिहून ठेवतो.

१६ ऑगस्ट, शनिवार

सुट्ट्यांना जोडून व्हीपीएन बदलायला घेतला. बाहेर दहीहंडीचा डीजे, खिडकीची काच थरथरतीये, तरी झालं.

जुना व्हीपीएन टीसीपीमधून जातो आणि त्याच्या आत रिमोट डेस्कटॉपचं टीसीपी. म्हणजे एक पॅकेट बाहेर हरवलं तर बाहेरचा थर ते परत पाठवायच्या मागे लागतो, आणि तेवढ्यात आतल्या थरालाही वाटतं की आपलं हरवलं, तोही परत पाठवतो. वाकडसारखं डगमगणारं नेट असेल तर दोघे मिळून गोंधळ वाढवतात, आणि मग ते थिजणं आणि दहा क्लिक एकत्र पडणं हे जे होतं ना, ते बरंचसं इथून येतं. शिवाय रिमोट डेस्कटॉपला यूडीपी वापरायची सोय २०१२ पासून आहे, विंडोज ८ च्या वेळी आरडीपी ८ आलं तेव्हापासून, पण अशा बोगद्यात ती असून नसल्यासारखी.

त्याच्या जागी वायरगार्ड (यूडीपीवर चालणारा व्हीपीएन) टाकलं, पोर्ट ५१८२०, राउटरवरच. अडचण एकच होती, राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १०० ने सुरू होणारा, १००.६४ च्या रेंजमधला, म्हणजे कंपनीने अनेक गिऱ्हाइकांना एका पब्लिक आयपीमागे ठेवलंय आणि बाहेरून आपल्यापर्यंत कोणी येऊच शकत नाही. जुना व्हीपीएन मधल्या एका क्लाउड सर्व्हरवरून फिरून यायचा तो याचसाठी. स्टॅटिक आयपी परवाच मागून ठेवला होता, तो आज चालू झाला. तो मधला वळसाही सुटला आणि त्याचं महिन्याचं भाडंही.

सरसकट सगळं ट्रॅफिक बोगद्यातून न्यायचं नाही, फक्त ऑफिसच्या नेटवर्कचे पत्ते. नाहीतर मॅडमच्या घरी कोणी सिरियल लावली की ती पण नारायण पेठेतून जाणार.

१८ ऑगस्ट, सोमवार

पाऊस नुसता धरलाय. दोघे आपणहून घरीच राहिले, म्हणजे आयतेच परीक्षक.

रिमोटची खिडकी फुल स्क्रीन केली की वर निळी पट्टी येते, त्यात सिग्नलच्या दांड्या असतात, त्यावर क्लिक केलं की कनेक्शनची क्वालिटी आणि यूडीपी चालू आहे का ते लिहून येतं. कित्येक वर्षं ही पट्टी वापरणाऱ्यांना त्या दांड्यांवर क्लिक होतं हेच माहीत नसतं. मॅडमकडे यूडीपी एनेबल्ड आलं. काकांकडे नाही. ऑफिसातल्या त्यांच्या पीसीवर फायरवॉलमध्ये रिमोट डेस्कटॉपचा टीसीपी-इन नियम चालू आणि यूडीपी-इन बंद. चालू केला, परत जोडलं, आलं.

काका म्हणाले, "आता ऑफिसात बसल्यासारखं वाटतंय." मग जरा थांबून, "फक्त चहा नाही."

२० ऑगस्ट, बुधवार

जीएसटीच्या ३बी रिटर्नची तारीख. फोन आला नाही. वाकड सोडून.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

वाकड. आज प्रत्यक्ष गेलो, विद्यापीठ चौकात जो वेळ गेला तो इथे लिहीत नाही.

बारा मजली इमारत, आणि लॅपटॉपवर वायफायची यादी उघडली तर स्क्रोल संपेना. राउटर हॉलमध्ये टीव्हीच्या मागे, पोरगा बेडरूममध्ये, मधे दोन भिंती, आणि लॅपटॉप २.४ गिगाहर्ट्झला चिकटलेला. त्या बँडवर एकमेकांना न भिडणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि त्यावर अख्खी सोसायटी. वायफायवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, शेजाऱ्याचं ऐकू आलं तरी थांबायचं असतं, म्हणून स्पीडटेस्टमध्ये सरासरी बरी दिसते पण एखादं पॅकेट मधेच दीडशे-दोनशे मिलिसेकंद ताटकळतं. व्हिडिओ बघताना काही कळत नाही, तो पुढचं आधीच साठवून ठेवतो. रिमोट डेस्कटॉप काय साठवणार? तुम्ही पुढची कोणती की दाबणार ते त्याला कुठे माहितीये.

५ गिगाहर्ट्झचं नाव वेगळं केलं आणि लॅपटॉपला तेवढंच लक्षात ठेवायला लावलं. उड्या निम्म्याहून कमी झाल्या पण बेडरूमचं दार लावलं की सिग्नल पडतो. शेवटी कॅट ६ ची केबल दाराच्या चौकटीवरून ओढली, त्याची आई बघतच होत्या. "गणपतीत पाहुणे येणारेत, ही वायर अशीच राहणार का?" म्हटलं काकू, माळेच्या मागे लपवू. केबलवर पिंग १४-१५, सरळ रेघ.

तिथेच मोबाइल हॉटस्पॉटही तपासला, लाइट गेली तर म्हणून. जोडलं जायचं, लॉगिनही व्हायचं, आणि मग स्क्रीन काळी. वायरगार्डचा एमटीयू (एका पॅकेटचा जास्तीत जास्त आकार) १४२० असतो, आणि मोबाइलच्या वाटेत मोठं पॅकेट कुठेतरी गिळलं जात होतं, छोटी सगळी जातात म्हणून लॉगिन होतं आणि चित्र येत नाही. फ्रॅगमेंट न करता (वाटेत तुकडे होऊ न देता) पिंग पाठवून साइज कमी करत गेलो, १३९२ म्हणजे हेडर धरून १४२०, ते नाही, खाली येत येत एका साइजला उत्तर आलं. हॉटस्पॉटसाठी वेगळं प्रोफाइल केलं, एमटीयू १२८०. काळी स्क्रीन गेली.

२५ ऑगस्ट, सोमवार

आज नेटवर सापडणाऱ्या जादूच्या सेटिंग करून पाहिल्या, कारण आर्टिकल रोज एक लिंक पाठवतो.

विंडोजचं टीसीपी ऑटोट्यूनिंग बंद करा, असं फार ठिकाणी असतं. केलं नाही. बंद केलं की रिसीव्ह विंडो (पावती मिळायच्या आत एका दमात पाठवता येणारा डेटा) ६४ केबीवर अडकते. पुण्यातल्या पुण्यात १२ मिलिसेकंदाला ते चालून जाईल, पण सर दिवाळीनंतर मुलाकडे अमेरिकेला जाणारेत, तिथून २५० मिलिसेकंद धरले तर एका कनेक्शनला २ एमबीपीएसच्या जरा वर एवढंच मिळेल, पाइप कितीही मोठा असू दे. नॉर्मलवर आहे, नॉर्मलवर राहू दे.

रिमोटचा फ्रेम रेट ३० वरून ६० करायची एक रजिस्ट्री किल्ली (विंडोजच्या आतली लपलेली सेटिंग) आहे, विनस्टेशन्समध्ये डीडब्ल्यूएमफ्रेमइंटरव्हल १५. एका पीसीवर लावून बघितली, स्क्रोल मऊ होतो खरा, पण ट्रायल बॅलन्सला ६० फ्रेम कशाला हव्यात. काढली. एव्हीसी ४४४ पॉलिसीने (स्क्रीनचं चित्र पूर्ण रंगांसकट दाबून पाठवायची सेटिंग) रंगीत बारीक अक्षरं स्वच्छ दिसतात हे खरंय, साध्या एच.२६४ मध्ये रंगांची माहिती कमी करतात त्याने लाल अक्षराच्या कडा फाटतात तसं यात होत नाही, पण ऑफिसचे जुने आय३ प्रोसेसर हे चित्र दाबण्यातच धापा टाकायला लागले आणि सर्व्हरमुळे गाळलेल्या फ्रेमचा काउंटर वर गेला. फक्त सरांच्या नव्या पीसीवर ठेवलं.

१ सप्टेंबर, सोमवार

गणपती बसले, काल गौरी आल्या. पेठेत संध्याकाळी पाचनंतर गाडी शिरत नाही. सगळे घरून. मॅडम सकाळी नैवेद्य वगैरे उरकून अकराला बसल्या, म्हणाल्या आज पाहुण्यांमुळे अडकले, नेटमुळे नाही. यूडीपी आरटीटी तिघांचाही १२ ते १६.

एकदा काकांचं अडकलं. ऑफिसचा पीसी झोपला होता, पॉवर सेटिंगमध्ये स्लीप अर्ध्या तासावर. सगळ्या पीसींवर नेव्हर केलं आणि बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंगमध्ये) लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचं ठेवलं.

८ सप्टेंबर, सोमवार

विसर्जनाची मिरवणूक काल रविवारपर्यंत चालू होती, ऑफिसचं शटर शुक्रवारपासून बंद, आणि रिटर्न भरणं थांबलं नाही. शनिवारी ढोल-ताशा खाली वाजत असताना सरांनी ऑफिसच्या समोरच राहणाऱ्या बहिणीच्या घरून लॉगिन केलं, रस्ता ओलांडता येत नव्हता म्हणून.

बाकी राहिलेलं: फायबरच्या डब्याला वेगळा यूपीएस (गुरुवारी राउटर चालू राहतो आणि डबा बंद पडतो, काय उपयोग). दोन पीसींचे बायोस पासवर्ड सापडत नाहीयेत, ते शोधणं. वायरगार्डच्या चाव्या कोणाकडे कोणती याची यादी, म्हणजे आर्टिकलची मुदत संपली की त्याची चावी काढता येईल. सर अमेरिकेला जायच्या आधी त्यांच्या लॅपटॉपवर फोनच्या हॉटस्पॉटवरून एक पूर्ण दिवस काम करून घ्यायचं. आणि वाकडच्या काकूंना केबलसाठी पांढरं केसिंग नेऊन द्यायचंय.